एमजीबीत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन : आठ महिन्यांनंतर

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवणाऱ्या किटला तीन तारे. उरलेले दोन डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) बोटभर वायरने खाल्ले. तिच्याकडे येतोच.

गाडी १९६९ची, लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटर, दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर. किट बसवायला अर्धा तास पुरतो. आधी कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) प्रायमरी रेझिस्टन्स मोजा: ३ ओहमच्या आसपास हवा. बॅलास्टवाली (वेगळा रेझिस्टर जोडून चालणारी) दीड ओहमची कॉइल थेट १२ व्होल्टवर दिली की मॉड्यूल गेलंच. मार्क २ या सुधारित आवृत्तीच्या आधीची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) असते, तिला हे किट चालत नाही. डब्यावर हे मुंगीच्या अक्षरात छापलंय.

पहिल्या महिन्यात ‘मॉड्यूल टाकाऊ’ असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) ६०० ते १००० आरपीएम झुलत होतं आणि हलक्या थ्रॉटलवर गाडी मिसिंग मारत होती (मधूनच ठिणगी चुकत होती). विक्रेत्याचं एकच पालुपद: टायमिंग (ठिणगीची वेळ) फिरवून बघा. दोष दोन होते आणि दोन्ही जुन्या डिस्ट्रिब्युटरचे.

मिसिंग त्या वायरचं. मॉड्यूलला अर्थ (बॉडीशी जोड) मिळतो डिस्ट्रिब्युटरच्या हलत्या प्लेटमधून आणि त्या प्लेटला एका छोट्या वेणीदार वायरमधून. इंजिनच्या व्हॅक्यूमने (हवेच्या ओढीने) प्लेट सरकली की वायर वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतले धागे तुटतात, वरून मात्र धडधाकट दिसते. मल्टिमीटरची एक पिन प्लेटला, दुसरी बॉडीला लावा आणि व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा. आकडा शून्याजवळून हलला तर वायर बदला. नवी मऊ, बारीक धाग्यांची घ्या; कडक वायर प्लेटलाच अडवते. एवढं महाग किट, आणि पै किमतीची ही वायर डब्यात नाही! पाच पॉइंटसेटच्या पैशांत एवढी अपेक्षा चुकीची आहे का?

झुलणारं आयडल सैल ॲडव्हान्स स्प्रिंगचं; वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं हीच धरून ठेवते. वजनं आयडललाच उघडतात, टायमिंग पुढे जातं, आरपीएम चढतात, मग वजनं आणखी उघडतात. व्हॅक्यूमची नळी काढून बुजवा आणि स्ट्रोब (ठिणगीसरशी चमकणारा दिवा) लावा. ६०० वर पुलीवरची खूण नाचली तर स्प्रिंग बदला. त्यानंतरच टायमिंग: स्टॅटिक (इंजिन बंद असताना) १० अंश.

खुणेवरही आंधळा विश्वास नको. पुलीच्या रबरावर बाहेरची रिंग सरकलेली असू शकते. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारी दांडी) घालून क्रँक हाताने दोन्हीकडे फिरवा. अडलेल्या दोन जागांचा मध्य तो खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा).

कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. पिनने कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. आरपीएम चढून तिथेच राहिले तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), पडले तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर चढून जागेवर आले तर बरोबर.

सध्या पहिल्या फटक्यात सुरू होते, आयडल ७५० वर स्थिर. मॉड्यूल गेलं तर रस्त्यात दुरुस्त होत नाही, म्हणून जुने पॉइंट, कंडेन्सर आणि ०.०१५ इंचाचं फीलर गेज (पॉइंटची फट मोजायची पट्टी) डिकीत आहे. आणि हो, त्या वायरचा एक जादा तुकडाही.