पंचवीस हजारात कुठलं बोन्साय: हायवेवरच्या नर्सरीतलं की पार्ल्याच्या गच्चीवरचं

माझ्या मुलुंडच्या आतेबहिणीने परवा रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर दोन फोटो टाकले आणि खाली एवढंच, "दादा, दोन्ही पंचवीस हजार, कुठलं घेऊ?" भावोजी रिटायर होतायत, झाडांचं वेड आयुष्यभराचं पण गच्ची कधी मिळाली नाही, म्हणून एक मोठं तयार बोन्साय द्यायचं तिच्या मनात आहे. फोटोवरून झाड घेऊ नये, आणि नवरी तर त्याहून नाही, म्हणून रविवारी दोन्ही ठिकाणी स्वतः जाऊन आलो.

पहिलं हायवेलगतच्या नर्सरीतलं. इम्पोर्टेड फायकस, इंग्रजी एससारखं वळलेलं मनगटाएवढं जाड खोड, वर चकचकीत पानांचे गोल गोल ढग, निळी कुंडी, आणि "चाळीस वर्षांचं आहे सर" हे न विचारता. दुसरं पार्ल्यातल्या एका काकांचं नांदरुक. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, गच्ची जाणार, भाड्याच्या घरात तीस कुंड्या कुठे ठेवणार, म्हणून विकायला काढलीत. अठरा इंच उंची, बुंध्याची जाडी तीनेक इंच, पानं विरळ, कुंडीचा एक कोपरा उडालेला. गंमत अशी की दोन्ही झाडं जातीने एकच, नांदरुक म्हणजेच फायकस मायक्रोकार्पा. म्हणजे फरक सगळा वाढवणाऱ्याच्या हातातला.

पहिल्या नजरेत नर्सरीवालंच जिंकतं. पण मी आधी खाली वाकलो. बोन्सायवाले ज्याला नेबारी म्हणतात ते, म्हणजे बुंध्यातून चहूबाजूंनी पसरून मातीत शिरणारी मुळं. काकांच्या झाडाला सहा-सात मुळं, वडाच्या पारावर दिसतात तशी जमिनीला धरून बसलेली. हे रोप त्यांनी १९९४ साली चाळीच्या भिंतीतून उपटलेलं, पाइपाच्या सांध्यात उगवतात ना तसलं, आणि भिंतीला चिकटून मुळं आधीच चपटी झाली होती. नर्सरीवाल्या झाडाचा बुंधा मात्र खांब पुरावा तसा सरळ मातीत घुसलेला, वरून पांढरे खडे पसरलेले, ते बोटाने बाजूला केले तर एका बाजूला एक जाड मूळ आणि बाकी तीन बाजू मोकळ्या. हे सुधारता येत नाही असं नाही, गुटी कलम करून किंवा रोपांची मुळं जोडून नवा घेर आणतात, पण त्यात वर्षं जातात आणि भावोजी आता साठीचे.

मग खोड. चांगलं खोड खाली रुंद आणि वर जाता जाता निमुळतं होतं, आणि उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असली की डोळ्याला ते मोठं झाड वाटतं. काकांचं नेमकं त्या मापात बसतं. त्यांनी ते आधी सात वर्षं अर्ध्या ड्रममध्ये मोकळं वाढू दिलं, मग निष्ठुरपणे कापलं, बाजूच्या बारीक फांदीला शेंडा केलं, पुन्हा वाढवलं, पुन्हा कापलं. उथळ कुंडीत एकदा झाड गेलं की खोड जाड व्हायचा वेग जवळजवळ थांबतो, त्यामुळे ती जाडी आधीच कमवावी लागते. एस आकाराचं खोड वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं, कोवळं असताना वाकवून शेतात फुगवलेलं, आणि वरची बारीक पानांची डोकी बऱ्याचदा कलम करून बसवलेली असतात. इथेही सालीचा रंग बदलतो ती रेघ नीट दिसत होती. वाईट नाही, पण ते फर्निचरसारखं आहे, शेजारच्या कुंडीतलं झाड हुबेहूब तेच.

आता बहीण म्हणते की पार्ल्याचं टकलं दिसतंय. दिसतंय खरं. पण मुंबईच्या उकाड्यात आणि दमट हवेत निरोगी फायकसची पानं काढून टाकली तर महिन्याभरात नवी येतात, आणि दोन पावसाळे नीट छाटलं की फांद्यांची जाळी भरते. जपानमध्ये पाइनची तीच जाळी व्हायला दशकं लागतात म्हणून तिथे तिला मोठी किंमत आहे, आपल्याकडे फायकसच्या हिरव्या ढगांना का द्यायची? इथे पैसे बुंध्याला द्यायचे. (जुनिपर, म्हणजे थंड हवेतलं सुईपानांचं झाड, कोणी देत असेल तर फुकटातही घेऊ नका, त्याला थंडीची विश्रांती लागते, ती मुंबईत मिळत नाही.)

वयाचं काय? चाळीस वर्षं हा आकडा तपासायचा कसा ते मला कोणी सांगावं, फायकसच्या लाकडात वर्षाला एक अशी भरवशाची वलयं दिसत नाहीत, आणि दिसली तरी खोड कापून कोण बघणार! काकांकडे मात्र फोटोंचा लिफाफा आहे, दर दोन-तीन वर्षांचा एक, मागे पेनाने तारीख. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक व्हाइट पाइन आहे, १६२५ पासून घडवलेलं, हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचं, अणुबॉम्ब पडला तेव्हा स्फोटापासून साधारण तीन किलोमीटरवर भिंतीआड होतं. १९७६ मध्ये ते भेट दिलं गेलं, पण ही गोष्ट तिथल्या लोकांना कळली २००१ मध्ये, नातवंडं झाड बघायला आली तेव्हा. आपल्याकडे लिफाफा आहे तर निदान तो तरी मागून घ्यावा.

कुंडीचा उडालेला कोपरा मी भाव करायला वापरला, दोन हजार उतरले. छाटणीचे काप भरलेत का, आकार द्यायला गुंडाळलेल्या तारेचे वळ खोडात रुतलेत का हेही बघितलं. काकांच्या झाडावर मागच्या बाजूला एक अर्धवट भरलेला काप आहे, मला तो आवडला.

नर्सरीवाल्याच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, ते झाड दुर्लक्ष जास्त सोसेल. खोल कुंडी, जास्त माती. काकांच्या उथळ कुंडीला मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागेल, आणि बहीण-भावोजी गणपतीला आठ दिवस कोकणात जातात, पाऊस दडी मारून बसला तर शेजारणीला चावी द्यावी लागेल. शिवाय ग्रिलमध्ये किमान चार तास ऊन नसेल तर दोन्ही झाडं फोफसतील, मग पंचवीस हजारांची मिक्सर-ओव्हन जोडी घ्या त्यापेक्षा.

मी तिला पार्ल्याचंच सांगितलं. तिने काल काकांना फोन केला, तर पैशाचं बोलायच्या आधी त्यांनी तिच्याकडे ग्रिलचा सकाळी नऊचा आणि दुपारी तीनचा व्हिडिओ मागितलाय.