'दोर्मीर'ची सब्जंक्टिव्ह रूपं आणि हाताने केलेली कार्डं: सात महिन्यांनंतर

मुलगी वालेन्सियात असते. दोन्ही नातवंडांना मराठी कळतं, पण रात्री अंथरुणात कानावर पडते ती स्पॅनिश. 'शांत झोपा' याला तिकडे 'के दुर्माइस ब्येन' म्हणतात. त्यातलं 'दुर्माइस' हे 'दोर्मीर' म्हणजे झोपणे या क्रियापदाचं सब्जंक्टिव्ह रूप, म्हणजे इच्छा किंवा शंका सांगताना लागणारं. हे एवढं वाक्य व्हॉइस मेसेजमध्ये न अडखळता म्हणता यावं, म्हणून मी फ्लॅशकार्डचं अ‍ॅप घेतलं.

पहिले दोन महिने वाया गेले. कुणीतरी केलेला तयार संच उतरवून घेतला होता. समोर 'दोर्मीर, तृतीय पुरुष अनेकवचन', मागे 'द्वेर्मान'. उत्तरं पटापट यायची, पण बोलायला गेलं की तोंडातून 'दोर्मामोस' असं चुकीचंच निघायचं. शिवाय त्या संचात 'वोसोत्रोस'ची, म्हणजे जवळच्या अनेकांना म्हणायच्या 'तुम्ही'ची रूपं गाळलेली होती. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी 'उस्तेदेस' वापरतात, तिथे चालून जातं. स्पेनमध्ये दोन मुलांशी बोलायचं तर 'वोसोत्रोस'च लागतं. मला हवं होतं नेमकं तेच रूप त्यात नव्हतं.

मग कार्डं स्वतः करायला घेतली. रूपं रेआल अकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या ऑनलाइन शब्दकोशातून तपासून घेते. क्रियापद शोधलं की सगळी रूपं तिथे फुकट दिसतात. पण कार्डावर तक्ता नाही, पूर्ण वाक्य. एका बाजूला 'मुलांनो, आता तुम्ही झोपावं असं मला वाटतं', दुसऱ्या बाजूला 'क्येरो के दुर्माइस या, निन्योस'. 'झोपावं' लिहिलं आणि लख्ख उजेड पडला. हा तर शाळेतला विध्यर्थ! मला स्वतःला झोपायचंय, तर 'क्येरो दोर्मीर'. तू झोपावंस, तर 'क्येरो के द्वेर्मास'. कर्ता बदलला की आपलंही रूप बदलतंच की. अर्थात ही सोबत शेवटपर्यंत नाही. 'तो झोपतो असं मला वाटत नाही' यात मराठी साधा वर्तमानकाळ ठेवते, स्पॅनिशला मात्र 'नो क्रेओ के द्वेर्मा' असं सब्जंक्टिव्हच लागतं. अशी वाक्यं वेगळी घोटावी लागली.

आता स्वराचं. आघात धातूतल्या 'ओ'वर असेल तर त्याचा 'वे' होतो: द्वेर्मा, द्वेर्मास, द्वेर्मान. पुढे प्रत्यय लांबला की आघात सरकतो आणि 'वे' जातो. आपल्या 'दूध'चं 'दुधात' होताना ऊ ऱ्हस्व होतो, तसंच काहीसं कानाला वाटतं. 'पोदेर' म्हणजे शकणे, त्यात अशा वेळी 'ओ' परत येतो, पोदामोस. 'दोर्मीर'मध्ये येतो 'उ': दुर्मामोस, दुर्माइस. कारण लॅटिनमधल्या 'दोर्मिआमुस'मध्ये मागे य-सारखा आवाज होता, त्याने आधीचा स्वर वर ओढला. हे समजल्यावर 'दोर्मामोस' माझ्या तोंडून गेलं ते गेलंच. 'मोरीर' म्हणजे मरणे, तेही याच वळणाचं, मुरामोस. भूतकाळातलं सब्जंक्टिव्ह त्यामानाने सोपं: 'दुर्म्येरोन' (ते झोपले) मधलं 'रोन' काढायचं, 'रा' लावायचं, 'दुर्म्येरा'.

अ‍ॅपबद्दल तक्रार एकच. दिवाळीत आठ दिवस उघडलं नाही तर उजळणीचा असा ढीग साठला की बघूनच धास्ती वाटली. मी जुनी कार्डं सरळ काढून टाकली, तीसच ठेवली. आवाज मुलीकडून भरून घेतले. सकाळच्या चहाबरोबर दहा मिनिटं पुरतात.

मेसेज आता रोज जातो. धाकटा कधीकधी उलट 'तू ताम्ब्येन, आजी', म्हणजे 'तूसुद्धा, आजी', म्हणून पाठवतो.

सध्या 'पेदीर' म्हणजे मागणे चालू आहे. त्याच्या सब्जंक्टिव्ह वर्तमानात सहाही रूपांत 'इ'च: पिदा, पिदामोस, पिदाइस. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे आधी घ्यावं, 'दोर्मीर' नंतर.