अडीच गिगचा स्वस्त स्विच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी नेमका कोणता स्विच (घरातली उपकरणं केबलने एकमेकांना जोडणारी डबी) वापरात आहे ते. २.५ गिगाबिटचे चार आरजे४५ (नेहमीच्या नेटवर्क केबलचे) पोर्ट, १० गिगाबिटचे दोन एसएफपी-प्लस (वेगळं मॉड्यूल किंवा खास केबल खोचायचे) पोर्ट, पत्र्याची डबी, पंखा नाही, सेटिंग ब्राउझरमधून. किंमत पाच हजारांच्या आसपास. अशा डब्या ऑनलाइन बऱ्याच नावांनी मिळतात, पण झाकण उघडलं की आत बहुधा रिअलटेकची आरटीएल८३७२ ही चिप निघते. आठ पोर्ट आणि एक एसएफपी-प्लस अशी मोठी डबी असेल तर आरटीएल८३७३ आणि तिच्या जोडीला आरटीएल८२२४. म्हणजे बाहेरचं नाव बघत बसण्यात फारसा अर्थ नाही. खोक्यावरच्या आकड्यातही नाही: चार अधिक दोनचे १० आणि २० मिळून ३०, दोन्ही दिशांचे ६०; आठ अधिक एकचे २० आणि १० मिळून ३०, पुन्हा ६०. दोघांवर एकूण क्षमता म्हणून '६० गिगाबिट' छापलेलं असतं आणि दोघांचा उपयोग वेगळा. नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) आणि एक मुख्य पीसी दोन्ही १० वर न्यायचे असतील तर चार अधिक दोन. पीसीच जास्त असतील तर आठ अधिक एक.

इथली जोडणी अशी: एसएसडी लावलेला नॅस आणि व्हिडिओ एडिटिंगचा एक पीसी १० गिगवर, दुसरा पीसी आणि वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट अडीच गिगवर, चौथ्या पोर्टमध्ये राउटर. राउटरचा पोर्ट १ गिगाबिटचाच आहे, आणि त्याने काही बिघडत नाही. इंटरनेटचा प्लॅन २०० किंवा ३०० मेगाबिटचा असेल तर हा स्विच लावून यूट्यूब तसूभरही पळणार नाही. फायदा घरातल्या घरात फायली हलवणाऱ्यांना.

तो फायदा मात्र खणखणीत आहे. नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ने मोजलं तर १ गिगच्या जोडणीवर साधारण ९४० मेगाबिट मिळतात, अडीच गिगवर २३५० आणि १० गिगवर ९४०० च्या आसपास. प्रत्यक्ष फाइल कॉपीत हेच सेकंदाला ११२ आणि २८० मेगाबाइट. १०० जीबीचं फुटेज पंधरा मिनिटांऐवजी सहा मिनिटांत नॅसवर जातं. एकच साधी हार्ड डिस्क असेल तर ती स्वतःच २०० ते २५० वर दमते आणि भरत आली की आणखी खाली येते. तिथे १० गिगचा खर्च वाया, अडीच गिग बरोबर मापाचं.

आठ महिन्यांत स्विच स्वतः दोषी ठरला असं फार कमी वेळा झालं. आजूबाजूच्या गोष्टींनी मात्र पुष्कळ त्रास दिला.

पहिला मान केबलचा. ८०२.३बीझेड हे २०१६ चं मानक मुळात भिंतीतली जुनी वायर न उपसता वेग वाढावा म्हणूनच आलं. कॅट५ई वर १०० मीटरपर्यंत अडीच गिग चालायला हवं, आणि तांबं खरं असेल तर चालतंच. पण बाजारात 'कॅट६' म्हणून जे बंडल स्वस्तात मिळतं ते बरेचदा सीसीए असतं: आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडा. आतून चंदेरी दिसली तर ती वायर भिंतीत घालू नका. रोध जास्त असल्यामुळे लांब अंतरावर लिंक ढासळते, पीओई (डेटाच्याच केबलमधून वीज) दिलं तर वायर तापते, आणि पंच करताना तार तुटते ते वेगळंच.

दुसरा नमुना अस्सल देशी. इंटरनेटवाल्याने आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतात, कारण १०० मेगाबिटला तेवढ्या पुरतात. १ गिग काय किंवा अडीच गिग काय, चारही जोड्या लागतात. लिंक १०० वर अडकली तर आधी कनेक्टरमध्ये डोकावा. तुटलेली टोकं असतील तर कापून कनेक्टर पुन्हा क्रिंप करायचा (दाबून बसवायचा): पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम, आणि पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडवायचा नाही. क्रम चुकवून दोन्हीकडे सारखाच चुकीचा ठेवला तरी टेस्टरचे आठ दिवे ओळीने लागतात, पण जोड्या फुटलेल्या (एका जोडीची तार दुसरीत गेलेली) असतात आणि वेग मिळत नाही. साधा दिव्यांचा टेस्टर एवढ्यापुरताच विश्वासाचा.

नेटवर्क कार्डांची गंमत आणखी निराळी. इंटेलच्या आय२२५ चिपच्या पहिल्या आवृत्तीत अडीच गिगवर दोन पॅकेटमधल्या अंतराचा दोष होता, काही स्विचसोबत पॅकेट गळायची. पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. जुना सेकंडहँड मदरबोर्ड घेताना हे लक्षात असू द्या. लिंक दिवसातून दोनचार वेळा क्षणभर जाऊन परत येत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रगत सेटिंगमधलं 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' बंद करा. दुसऱ्या पीसीवर एवढ्याने काम झालं. सर्व्हरमधून निघालेली इंटेल एक्स५४० कार्डं स्वस्त मिळतात, पण त्यांना १० गिगच्या खाली थेट १ गिगच कळतं. अडीचच्या पोर्टात घातलं की गुमान १ वर उतरतात. एक्स५५० ला अडीच आणि पाच दोन्ही जमतात. यूएसबीचा अडॅप्टर घेणार असाल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टातच हवा. यूएसबी २ ची कमाल ४८० मेगाबिटची, मग अडीच गिग कागदावरच.

आता एसएफपी-प्लस. हा पोर्ट बघितला की आरजे४५ चं १० गिग मॉड्यूल घ्यायचा मोह होतो. शक्यतो टाळा. असं एकेक मॉड्यूल २ ते ३ वॅट खातं, हात लावला तर चटका बसतो, आणि डबीला पंखा नाही. सोबत आलेला अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा, म्हणजे एकूण १२ वॅट. चारही पोर्ट चालू असताना स्विचच ७ ते ८ वॅट घेतो. वर दोन आरजे४५ मॉड्यूल आली की हिशोब १२ ला टेकतो किंवा पलीकडे जातो, आणि मोठी कॉपी सुरू असताना स्विच अचानक रीबूट होतो. लोक स्विचला शिव्या देतात, दोष अडॅप्टरचा. नॅस आणि पीसी शेजारी असतील तर १ मीटरची डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल बसवलेली तयार तांब्याची केबल) घ्या: स्वस्त, जवळपास वीज न खाणारी, थंड. दुसऱ्या खोलीत न्यायचं असेल तर ऑप्टिकल मॉड्यूल आणि फायबर. फक्त इंटेलचं एक्स५२० कार्ड अनोळखी ऑप्टिकल मॉड्यूल नाकारतं, तेव्हा कार्ड आधी ठरवा, मॉड्यूल नंतर.

अडॅप्टर बदलायचाच तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा, बीआयएसचा शिक्का असलेला. पिन मोजून घ्या: ५.५ बाय २.५ चा प्लग २.१ च्या जागी सैल बसतो आणि धक्का लागला की वीज जाते. राउटरच्या मिनी यूपीएसवर स्विचही टाकता येतो, पण ओएनटी (फायबरचा मोडेम), राउटर आणि स्विच या तिघांच्या वॅटची बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसते का ते आधी बघा. उन्हाळ्यात ही डबी टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका. विदर्भात तर मुळीच नको. भिंतीवर उभी लावा, दोन्ही बाजूंनी हवा खेळू द्या आणि जाळीतली धूळ महिन्याला झटका.

ब्राउझरचं पान बरेचदा १९२.१६८.२.१ वर असतं, घरचा राउटर पत्त्यांच्या दुसऱ्याच पट्ट्यात, म्हणून ते उघडत नाही. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.२.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या, केबलने थेट जोडा, आत जाऊन पासवर्ड बदला, मग स्विचचा पत्ता घरच्या पट्ट्यात आणा. त्यानंतर 'सेव्ह'च्या वेगळ्या पानावर जाऊन सेव्ह करा. 'अप्लाय' दाबलं की झालं असं वाटतं, पण लाइट गेली की सगळं पूर्ववत. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) करताना आपण ज्या पोर्टावर बसलोय तोच व्हीलॅन १ मधून काढू नका, नाहीतर रीसेटचं बटण शोधावं लागेल. लूप रोखणारी सेटिंग असेल तर ती सुरू ठेवा. कोणीतरी कधीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं याच डबीत खुपसतंच.

खटकलेल्या गोष्टी दोन. सेटिंगचं पान साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या एचटीटीपीवर चालतं आणि फर्मवेअरचे अपडेट आठ महिन्यांत एकदाही आले नाहीत. घरात चालेल, ऑफिसात पाहुण्यांचं वाय-फाय याच स्विचवर असेल तर त्यांचा व्हीलॅन वेगळा हवाच. दुसरं म्हणजे बफर (पॅकेट थोडा वेळ थांबवून ठेवायची जागा) लहान. १० गिगवरच्या नॅसकडून अडीच गिगच्या पीसीकडे डेटा ओतला की आयपर्फमध्ये पुन्हा पाठवलेल्या पॅकेटचा आकडा वाढताना दिसतो. वेग फारसा पडत नाही. फ्लो कंट्रोल (पाठवणाऱ्याला 'जरा थांब' सांगणारी सेटिंग) चालू केलं तर आकडा खाली येतो, पण एखादं संथ उपकरण बाकीच्यांनाही थांबवून धरतं. इथे ते बंद ठेवलंय. जंबो फ्रेमही (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) तशाच बंद. एका जरी उपकरणावर ९००० बाइट आणि दुसऱ्यावर १५०० राहिलं तर नॅसचं फोल्डर उघडतं आणि फाइल मात्र अडकते.

पीओई या डबीत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारी डबी) वेगळा घ्यावा लागला, त्यावर २.५ गिगाबिट स्पष्ट लिहिलेलं असेल तोच घ्यायचा. पीओईवाला स्विच बघत असाल तर पोर्टामागे ३० वॅट लिहिलेलं वाचून हुरळू नका, सगळ्या पोर्टांचं मिळून वॅटचं एकूण बजेट किती ते विचारा. सेटिंगची कटकटच नको असेल तर टीपी-लिंकचा पाच पोर्टांचा टीएल-एसजी१०५-एम२ लावा आणि विसरा. त्यात १० गिग नाही. सगळंच १० वर हवं असेल आणि फायबर-डॅकची तयारी असेल तर मायक्रोटिकचा सीआरएस३०५: चार एसएफपी-प्लस, पंखा नाही, अडॅप्टर जोडायला दोन जागा. मात्र त्याच्या आरजे४५ पोर्टावर १ गिगच मिळतं, तेव्हा अडीच गिगचे पीसी त्याला थेट जोडता येत नाहीत.