जाड पायांची देवदूत: कश्काइशचं 'गोष्टींचं घर' पाहून आल्यावर

लिस्बनजवळच्या कश्काइश या समुद्रकाठच्या गावात पोर्तुगीज चित्रकार पाउला रेगोचं संग्रहालय आहे, त्याबद्दल लिहायचंय. पण आधी तक्रार करून घेते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं लिहिता येईल.

लेक नोकरीनिमित्त लिस्बनला असते. मी तीन महिन्यांसाठी गेले, तेव्हा 'आईला आवडेल' म्हणून तिनं 'पोर्तुगालच्या थोर स्त्रिया' अशी पायी सहल बुक केली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तीन तासांत त्या गाइडनं शाळेतली हजेरी घ्यावी तशी नावं घेतली. राष्ट्रीय पँथिऑनच्या, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाधिस्थानाच्या, पायऱ्यांवर आमचे फोटो काढले आणि आत नेलंच नाही. तिथे फादो ही पोर्तुगीज गाणी गाणारी आमालिया रॉड्रिग्ज आणि कवयित्री सोफिया द मेलु ब्रेयनर आंद्रेसन यांच्या शवपेट्या आहेत. आमालियाला २००१ मध्ये आणलं, सोफियाला २०१४ मध्ये, आणि तिथे विसावलेल्या बायका या दोघीच. दार उघडं, आम्ही बाहेर. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कचंही स्मारक आत आहे. कुडाळच्या बाईला ते डोळ्यांनी बघायचं होतं, तेही राहिलं. पुढे चुंबकवाल्या दुकानात मात्र पंचवीस मिनिटं.

एकच गोष्ट त्यानं छान सांगितली, तेवढे पैसे वसूल. कारोलिना बिआत्रिझ आंजेलु नावाची डॉक्टर. १९११ साली नव्या प्रजासत्ताकाची पहिली निवडणूक. कायद्यात लिहिलेलं, २१ वर्षांवरचे पोर्तुगीज नागरिक, लिहिता-वाचता येणारे किंवा कुटुंबप्रमुख. 'पुरुष' हा शब्द लिहायला कुणाला सुचलंच नव्हतं. ही विधवा, पदरी एक मुलगी, म्हणजे घरची कर्ती हीच. कोर्टात गेली, जिंकली, आणि २८ मे १९११ला मत देऊन आली. त्याच ऑक्टोबरात वारली, वय जेमतेम ३३. दोन वर्षांनी कायदेवाल्यांनी घाईघाईनं 'पुरुष' शब्द घातला! ही गोष्ट ऐकून मला आमच्या शाळेच्या समितीतले दोन-तीन चेहरे आठवले, पण ते असो.

त्या सहलीत पाउला रेगोचं नुसतं नाव आलं. "चित्रकार, कश्काइशला म्युझियम आहे," एवढंच. मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवलेली बाई. दुसऱ्या दिवशी सोमवार, संग्रहालय बंद. मंगळवारी लेक, नात आणि मी निघालो.

काइश दु सुद्रे स्टेशनवरून लोकल आहे, चाळीसेक मिनिटं लागतात. जाताना डावीकडे बसा, आधी नदी आणि मग समुद्र सगळा रस्ताभर खिडकीत राहतो. वाटेत कार्काव्हेलुश लागतं, पाउला तिथल्या इंग्रजी शाळेत शिकली. पुढे इश्तुरिल, तिथे तिचं बालपण गेलं. म्हणजे संग्रहालयाआधी निम्मं चरित्र लोकलमधूनच होतं. कश्काइश स्टेशनपासून आम्ही चालत गेलो. माझ्या गुडघ्यांना वीस मिनिटं लागली, तुम्हाला कमी लागतील.

इमारत दिसली आणि मी हसलेच. जांभा! अगदी आपल्या चिऱ्याचा रंग. दगड नाही, तांबडं रंगवलेलं काँक्रीट आहे, जवळ गेलं की सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेघा तशाच ठेवलेल्या दिसतात. वर दोन मोठाले पिरॅमिड, लिस्बनजवळच्या सिंत्रा गावातल्या राजवाड्याला स्वयंपाकघराची दोन अजस्र धुराडी आहेत, त्यांची आठवण करून देणारे. आवारातली झाडं राखून त्यांच्या मधून घर बसवलंय. वास्तुरचनाकार एदुआर्दु सोतु द मोरा, त्याला पुढे २०११ मध्ये प्रिट्झकर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक मिळालं. पण त्याला निवडलं पाउलानं स्वतः, आणि याला 'म्युझियम' म्हणायचं नाही हेही तिनंच सांगितलं. नाव 'काझा दश इश्तोरियश', गोष्टींचं घर. २००९ मध्ये उघडलं तेव्हा ती ७४ वर्षांची होती. हयातीत आपल्या नावाचं घर बांधून घेणं, तेही स्वतःच्या अटींवर, हे मला भारी वाटलं.

आता चित्रं.

नात नऊ वर्षांची. पहिल्या मोठ्या चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, हिचे पाय एवढे जाडे का?"

चित्राचं नाव 'देवदूत', १९९८चं. माणसापेक्षा उंच. काळा अंगरखा, सोनेरी फुगलेला घागरा, आणि त्यात एक बाई ठाम उभी. पंख नाहीत. एका हातात उपसलेली तलवार, दुसऱ्या हातात स्पंज. एकोणिसाव्या शतकातल्या एका पोर्तुगीज कादंबरीवरून केलेल्या मालिकेतलं हे चित्र. कादंबरीत पाद्री एका मुलीला नादी लावतो आणि शेवटी तिचाच जीव जातो. कादंबरीत तिच्या बाजूनं कुणीच उभं राहत नाही, म्हणून पाउलानं ही उभी केली. वार करायला तलवार, पुसायला स्पंज. चेहऱ्यावर राग नाही, दयाही नाही. मासळी बाजारात भाव न सोडणारी कोळीण कशी बघते, तशी बघते ती.

मी नाक लावून पाहिलं. सॉफ्ट पेस्टल आहे, ॲल्युमिनियमवर चिकटवलेल्या कागदावर. आमच्या पोरांना मी सांगायचे, खडू हलक्या हातानं फिरवा, कागदाला इजा करू नका. इथे या बाईनं घागऱ्यावर पिवळा, त्यावर मातकट, त्यावर पुन्हा पिवळा असा दाबून दाबून चढवलाय, की खडूचे तुटके कण रेघेच्या कडेला साठलेले दिसतात. कापडाची चुणी बोटानं पुसून मऊ केलेली नाही, ओरखडून काढलीय. १९९४च्या सुमारास, ५९व्या वर्षी, ती तैलरंग आणि ॲक्रिलिक बाजूला ठेवून पेस्टलकडे वळली. ज्या वयात मला निवृत्तीचा नारळ मिळाला, त्या वयात हिनं हत्यारच बदललं. (जाता जाता, पोर्तुगीजमध्ये 'पश्तेल' म्हणजे खडूही आणि गोड पेस्ट्रीही. नातीनं दोन्हींचा आस्वाद त्याच दिवशी घेतला.)

पायांचं म्हणाल तर नातीचा प्रश्न मला लागला. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मी किती पोरींकडून स्मरणचित्रं करून घेतली असतील! 'पाणवठ्यावर', 'आठवड्याचा बाजार'. कमरेवर हंडा, कंबर बारीक, मान कलती, पाय जेमतेम जमिनीला टेकलेले. भरलेल्या हंड्याचं वजन त्या बाईच्या अंगात कुठे जातं, हे मी एकदाही विचारलं नाही. पाउलाच्या बायका जड आहेत. बसल्या तर खुर्ची दबते, उभ्या राहिल्या तर टाच जमिनीत रुतते. ती स्टुडिओत खरी माणसं, कपडे, खुर्च्या, कापसाच्या बाहुल्या मांडून त्यावरून काढायची. वजन तिथून आलंय.

एका खोलीत नातीला नेलं नाही. लेक तिला घेऊन बागेत गेली, मी एकटी आत गेले. तिथे एचिंगची छापचित्रं होती, गर्भपातावरची. १९९८च्या जूनमध्ये पोर्तुगालमध्ये गर्भपात कायदेशीर करावा का, यावर सार्वमत झालं. तीन मतदारांतला जेमतेम एक घराबाहेर पडला आणि प्रस्ताव थोडक्यात पडला. पाउला संतापली आणि चित्रं काढायला बसली. रक्त कुठेही नाही. शाळेच्या गणवेशातली मुलगी, पलंग, पाय टेकायला ओढून घेतलेली खुर्ची, आणि एक बादली. बस्स. मुली बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघतात किंवा दात आवळून घेतात. कुणी कीव मागत नाही. पुढच्या सार्वमताच्या वेळी, २००७ मध्ये, ही चित्रं लोकांच्या चर्चेत होती. त्या वेळी ५९ टक्के लोकांनी होकार दिला.

त्या बादलीपाशी मी अडकले. माझी आई बादलीला बालदी म्हणायची. तो शब्द यांचाच, 'बाल्द'. कायदा आपल्याकडे १९७१चा, यांच्यापेक्षा छत्तीस वर्षं आधीचा. तरी आमच्या वाडीतली एक मुलगी, माझ्याच वर्गातली, त्यानंतरही अशाच एका बंद खोलीत गेली होती. इस्पितळ चार मैलांवर होतं. तिचं चित्र कुणी काढलं नाही.

बाहेर येऊन बाकावर बसले. लेकीनं काही विचारलं नाही, पाण्याची बाटली दिली.

आता जायचं असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. इथली मांडणी बदलत राहते, त्यामुळे मी पाहिलं तेच दिसेल असं धरून जाऊ नका. तिचं गाजलेलं 'नृत्य' इथे नाही, ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. आजारी नवऱ्याची वर्षानुवर्षं शुश्रूषा करता करता, १९८८ मध्ये तो गेला त्याच वर्षी ते चित्र पुरं झालं. मी ते फक्त छापील पाहिलंय. बागेतले देखावे, गोड मुलं, निळा समुद्र अशी अपेक्षा घेऊन गेलात तर वैतागाल. माझे जावई आदल्या वर्षी गेले होते, वीस मिनिटांत बाहेर येऊन कॉफी पीत बसले, म्हणाले "अंगावर येतं." खरंय, येतं. लहान मुलांना न्या, पण मोठं कुणीतरी आधी एक फेरी मारून या. लिस्बनच्या मोठ्या स्मारकांपेक्षा तिकीट बरंच स्वस्त. दोन तास पुरतात, मला साडेतीन लागले.

आणि चरित्राची पाटी वाचायला थांबा. पाउलाचे वडील हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचे विरोधक. हा देश बायकांसाठी नाही, असं म्हणून त्यांनी मुलीला इंग्लंडला धाडलं. १९५२ मध्ये ती लंडनच्या स्लेड कलाशाळेत दाखल झाली, १९९०मध्ये तिथल्या नॅशनल गॅलरीची पहिली सहयोगी चित्रकार झाली, २०२२च्या जूनमध्ये लंडनलाच वारली. पण घर बांधलं ते इथे, लहानपणी आजी आणि मावश्या-आत्या जिथे गोष्टी सांगायच्या, त्या किनाऱ्याला.

ग्रेड द्यायची सवय जात नाही. पायी सहलीला सी, तीही आंजेलुबाईंमुळे. गोष्टींच्या घराला ए.

परत आल्यावर संध्याकाळी नातीनं मला दिवाणखान्यात उभं केलं. एका हातात जावयाची लांब छत्री, दुसऱ्या हातात भांडी घासायचा स्पंज. "हलायचं नाही, आजी." पंचवीस मिनिटं उभी होते, गुडघा आखडला. नाक बिघडलंय, छत्री वाकडी गेलीय, केस मला नाहीत तेवढे दिलेत. पाय मात्र चांगले जाड काढलेत.