स्कॅनरवर ‘एकही एरर कोड नाही’ दिसलं आणि मी गाडी घेतली

दोन सीटची, टर्बो पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची सेकंडहँड स्पोर्ट्स कार मी घेतली आणि आठवडा उलटायच्या आत तिच्या इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडावं लागलं. अशी गाडी घ्यायची कित्येक वर्षांची इच्छा होती, त्यासाठी पैसे साठवले होते. माझं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी बेसावध गेले नव्हते. रंगाची जाडी मोजायचं मीटर सोबत नेलं होतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, आणि खाली पुटी भरलेली असली तर आकडा कित्येक शेकड्यांत जातो. एकेक पत्रा मोजला, कुठेच गडबड नव्हती. दारांच्या फटी सारख्या, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा नाहीत. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोडही वाचला (२३१८ म्हणजे २०१८ सालातला तेविसावा आठवडा, असा तो वाचायचा). चारही टायर एकाच बनावटीचे आणि बऱ्यापैकी नवे. या सगळ्यात तासभर गेला. विक्रेता शांतपणे बाजूला उभा होता, मागेन ते दाखवत होता. आज कळतंय, जिथे काहीच सापडणार नव्हतं तिथे त्याने मला हवा तेवढा वेळ दिला.

खरी गोष्ट मी पोचले तेव्हाच हाताला लागली होती. बॉनेट गरम होतं. आदल्या दिवशी फोनवर मी स्पष्ट सांगितलं होतं की इंजिन थंड ठेवा, मला स्वतः चालू करून बघायचंय. तो म्हणाला, “तुम्ही येणार म्हणून आत्ताच धुवून आणली.” मला ते पटलं. तिथूनच परत फिरायला हवं होतं.

रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचं पहिलं अर्धं मिनिट जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही. व्हॉल्व्हची सीलं गेली असतील तर रात्रीत झिरपलेलं ऑइल जळून चालू करताच निळा धूर येतो. टायमिंग चेन सैल असेल तर ऑइलचं प्रेशर चढेपर्यंत खडखड ऐकू येते. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, कमी असेल तर थंड इंजिन आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथरतं आणि तापल्यावर पुष्कळदा सावरतं. माझ्या गाडीत हीच थरथर होती. तापलेल्या इंजिनात ती अगदी थोडी उरली होती, आणि जी उरली होती ती मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरने झाकून टाकली. मी विचारलंही. “या एक्झॉस्टवर असाच आवाज येतो,” असं उत्तर मिळालं.

मग त्याने आपणहून स्कॅनर काढला, गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली: एकही एरर कोड नाही. मी फोनवर फोटो काढून घेतला. पंधरा मिनिटं गाडी चालवली, तीही बहुतेक वेळ वरच्या आरपीएमवर (इंजिन वेगाने फिरवत), कारण तो शेजारी बसून “थोडी खेचा, मजा बघा” म्हणत होता. त्या वेगात काहीच जाणवलं नाही. त्याच दिवशी कागदावर सही केली. त्यात ‘गाडी जशी आहे तशी, खरेदीदाराने तपासून घेतली’ अशी ओळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केली तेव्हा अख्खी गाडी थरथरली. सहाव्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला आणि नंतर लुकलुकायला लागला. हा दिवा स्थिर असेल तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर इंजिन इतकं मिसफायर होत असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नसतं, की न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचतं आणि तो जळू शकतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंदच करायची. मी ती टोइंगने मेकॅनिककडे पाठवली.

मेकॅनिकने स्कॅनर लावला, पण आधी कोड बघितलेच नाहीत. त्याने दुसरंच पान उघडलं: कोड पुसल्यापासून धावलेलं अंतर. तिथे २३१ किलोमीटर होते. मी ताबा घेतल्यापासून ओडोमीटर २१२ ने वाढला होता. चाचणीची फेरी त्यात धरली तर मी पोचायच्या काही किलोमीटर आधीच सगळे कोड पुसले गेले होते.

हे पान पुष्कळ गाड्यांत मिळतं. ते नसलं तरी रेडिनेस मॉनिटर बघता येतात. गाडीचा संगणक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफांची यंत्रणा यांची स्वतःहून तपासणी करत असतो, आणि प्रत्येकीपुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ असं दाखवतो. कोड पुसले किंवा बॅटरीची वायर काढली की हे बहुतेक मॉनिटर पुन्हा ‘अपूर्ण’ होतात. ते पूर्ण व्हायला वेगवेगळ्या प्रकारे, बरेचदा काही दिवस गाडी चालवावी लागते. रोज चालणाऱ्या गाडीत चार-पाच मॉनिटर अपूर्ण दिसले तर कुणीतरी नुकतंच काहीतरी पुसलंय. अशा वेळी ‘एकही कोड नाही’ या ओळीला काडीची किंमत नाही. कोड बघायला सगळे शिकवतात, त्याखालचं हे कुणी सांगत नाही.

मग कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर १६५ ते १७० पीएसआय (दाबाचं एकक), तिसऱ्या क्रमांकाचा ११०. सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे गेला की काळजीचं कारण असतं. नंतर सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकलं. ऑइल भरायच्या तोंडातून आवाज आला तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडखालचं गॅस्केट, आणि सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आमची सायलेन्सरमधून आली. हेड उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्ह आदळल्याची चंद्रकोरीसारखी खूण होती.

मेकॅनिकच्या मते कुणीतरी जोरात चालवताना चौथ्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली असणार, त्यामुळे इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं आणि व्हॉल्व्ह पिस्टनला आदळला. इंजिनाच्या वेगाला आळा घालणारा रेव्ह लिमिटर अशा वेळी वाचवत नाही. तो फक्त इंधन किंवा स्पार्क तोडतो, आणि इथे तर चाकंच इंजिनाला फिरवत असतात. पोर्शच्या अनेक गाड्यांमध्ये अशा ओव्हर-रेव्हची (मर्यादेपलीकडे फिरलेल्या इंजिनाची) नोंद संगणकात टप्प्याटप्प्याने राहते, इंजिनाच्या तासांसकट. तशी गाडी बघत असाल तर तो अहवाल मागाच. घेणार त्या मॉडेलची जुनी दुखणीही आधी वाचून जा: १९९७ ते २००८ च्या पोर्श बॉक्स्टर आणि ९११ पैकी बऱ्याच गाड्यांतलं आयएमएस (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) बेअरिंग, किंवा बीएमडब्ल्यूच्या ई-४६ एम-३ मध्ये मागच्या सबफ्रेमपाशी (मागचं सस्पेन्शन जिथे बसवतात त्या चौकटीपाशी) तडे जाणारा पत्रा.

कॉम्प्रेशनची ही तपासणी मी खरेदीआधी करून घेऊ शकले असते. मेकॅनिक मात्र आपला हवा, विक्रेत्याने सुचवलेला नको. तपासणीला नकार मिळाला तर गाडी कितीही आवडलेली असो, निघून या.

मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “तुम्ही स्वतः तपासून घेतलीत, सहीसुद्धा केलीत.” त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

त्या रात्री पहिल्या दिवशीचा फोटो उघडून मोठा करून बघितला. वर ‘एकही एरर कोड नाही’. त्याखाली बारीक अक्षरांत मॉनिटरांची यादी, आणि त्यातल्या पाचांपुढे ‘अपूर्ण’. फोटोवर तारीख आणि वेळ आहे, कडेला स्कॅनर धरलेला त्याचा हात आहे. तो फोटो आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल मी तक्रारीला जोडला आहे.