पंप उतरवण्याआधी: पारदर्शक नळी, वेगळा कॅन की व्हॅक्यूम गेज?

जुनी डिझेल गाडी सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही किंवा चढावर पिकअप सोडते. अशा वेळी "पंप गेला" हे निदान फार लवकर होतं. पंप म्हणजे इंजिनवरचा, इंजेक्टरांना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना) दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप. पंप उतरवायचा म्हणजे टायमिंगही (डिझेल फवारण्याची नेमकी वेळ) नव्याने लावणं आलं. त्याआधी टाकीपासून पंपापर्यंतची लाइन तपासायलाच हवी. प्रश्न एवढाच, की कशाने.

हे प्रामुख्याने रोटरी पंपाच्या (एकच फिरता भाग सगळ्या इंजेक्टरांना पाळीपाळीने डिझेल वाटतो अशा पंपाच्या) गाड्यांबद्दल आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत टाकीपाशी वेगळा पंप नसतो, डिझेल ओढून घेण्याचं कामही इंजिनवरचा पंपच करतो. इंजिन चालू असताना त्या लाइनमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे पाइपला बारीक चीर पडली तरी डिझेल ठिबकेलच असं नाही, उलट हवा आत शिरते. कोरडा पाइप म्हणजे चांगला पाइप, असं इथे धरून चालत नाही.

दोष मुख्यतः दोनच: लाइन हवा घेते किंवा कुठेतरी तुंबते. हवा घेत असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी त्रास होतो. तुंबली असेल तर गाडी सहसा नीट सुरू होते, पण जास्त डिझेल लागलं की जोर जातो. फिल्टर, टाकीतली जाळी आणि टाकीत हवा जाण्याची वाट, ही तुंबण्याची नेहमीची ठिकाणं. टाकीचं झाकण सैल केल्यावर गाडी सुधारली तर शोध तिथेच संपतो.

पारदर्शक नळी पंपाच्या इनलेटला (डिझेल आत येण्याच्या तोंडाला) जोडली की हवा डोळ्यांना दिसते. फिल्टर बदलल्यावर थोडा वेळ येणारे बुडबुडे सोडून द्या. बुडबुड्यांची सतत धार येत असेल तर दोष आहे. मग तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावा. तिथे बुडबुडे नसतील तर हवा फिल्टरच्या डोक्यातून, हँड प्रायमरमधून (हाताने डिझेल ओढायच्या छोट्या पंपातून) किंवा पाणी काढायच्या स्क्रूच्या ओ-रिंगमधून येते आहे. इंजेक्टरवरचे ओव्हरफ्लोचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) बारीक रबरी पाइपही विसरू नका, ते तडकले की गाडी उभी असताना तिथूनही हवा शिरते. नळी जाड भिंतीची घ्या आणि काम झालं की काढून टाका. साधं प्लास्टिक डिझेलमध्ये कडक होतं. तुंबलेली लाइन मात्र ती दाखवत नाही.

वेगळा कॅन हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं साधन, कारण दोष पंपाआधीच्या लाइनमध्ये आहे की पंपात आणि त्यापुढे, हे तो एका फटक्यात सांगतो. स्वच्छ डिझेलचा कॅन घ्या, इनलेट आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत नेणारा) दोन्ही पाइप त्यात सोडा, म्हणजे टाकी, लाइन आणि फिल्टर बाजूला पडतात. यात एक चूक सर्रास होते: कॅन बॉनेटला उंच टांगला जातो. मग डिझेल आपल्या वजनानेच खाली येतं आणि ओढ कमी पडलेला पंपही ठणठणीत भासतो. कॅन टाकीच्या उंचीवरच ठेवा. चाचणी फक्त उभ्या गाडीवर करा, त्यामुळे चढावरचा दोष यात पकडता येणार नाही.

त्यासाठी व्हॅक्यूम गेज, म्हणजे लाइनमधली ओढ मोजणारा काटा. इनलेटला टी-जोड देऊन लावायचा आणि गाडीवर लोड असताना काटा पाहायचा. व्हॅक्यूम वाढत गेला तर अडथळा आहे. फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजलं की तो कुठे आहे तेही कळतं. पण लाइन हवा घेत असेल तर व्हॅक्यूम तयारच होत नाही आणि काटा निरोगी दिसतो. म्हणून एकट्या गेजवर विसंबू नका.

थोडक्यात, सकाळच्या त्रासाला नळी, चढावरच्या त्रासाला गेज, आणि गाडी सुरूच होत नसेल तर कॅन. मात्र कॅन जोडण्याआधी सेल्फ मारताना सायलेन्सर पाहा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, मग ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) आणि कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याकडे) वळा. अजिबात धूर नसेल तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला (चावी बंद केल्यावर डिझेल तोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्वला) चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट मिळतात का ते बघा.

कॉमन रेल (एकाच सामायिक नळीत खूप दाबाने डिझेल साठवून इंजेक्टरांना देणाऱ्या) गाडीचं शास्त्र वेगळं. तिथे स्कॅनरवर सेल्फ मारतानाचा रेल प्रेशर आणि इंजेक्टरांची रिटर्न चाचणी हवी. हाय प्रेशर पाइप सैल करून एअर काढायचा जुना उपाय तिथे कधीच करू नका. ती धार कातडी फोडून आत शिरते.

कॅनवरही फरक पडला नाही, बुडबुडे नाहीत, सोलेनॉइड ठीक आहे, आणि गाडी थंड असताना सुरू होते पण गरम झाल्यावर होत नाही, तर पंपाच्या हेडची (आतल्या, डिझेलवर दाब तयार करणाऱ्या भागाची) झीज संभवते. गाडी बंद असताना पंपावर ओला फडका ठेवून थोडं थांबा. पाणी ओतू नका. त्यानंतर गाडी सुरू झाली, तर पंप उतरवायला आता ठोस कारण आहे.