पद्मिनीत जादा मीटर बसवताना: डॅशबोर्ड कापावा की खाली पट्टी लावावी?

प्रीमिअर पद्मिनीच्या चालकाला तेलाच्या दाबाची खबर एक लाल दिवा देतो, आणि तीही उशिरा. असे दिवे साधारणपणे दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावरच लागतात, म्हणजे तोवर बेअरिंगांची झीज सुरू झालेली असू शकते. त्यामुळे १०८९ सीसीचे हे इंजिन खर्च करून नव्याने बांधून घेतलेल्या मालकाला दोन-तीन जादा मीटर बसवावेसे वाटले, तर ती निव्वळ हौस म्हणता येणार नाही. मात्र कोणते मीटर घ्यायचे आणि ते कुठे बसवायचे, हे दुकानात जाण्यापूर्वी ठरवलेले बरे.

जागेचे दोन पर्याय आहेत. डॅशबोर्डच्या पत्र्यात ५२ मिलिमीटरची भोके पाडून मीटर बसवले, तर ते नजरेच्या टप्प्यात राहतात आणि कारागीर चांगला असेल तर मूळचेच वाटतात. डॅशबोर्डखाली पट्टी लावून तिच्यात तीन मीटर ओळीने बसवले, तर प्रत्येक वेळी नजर रस्त्यावरून खाली न्यावी लागते. परंतु उद्या पट्टी काढली तर मागे दोन-चार स्क्रूंच्या खुणांपलीकडे काही उरत नाही. बहुतेक पद्मिनींमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्यामुळे मधली जागा मोकळीच असते, हा या गाडीपुरता वाढीव फायदा. माझा कौल पट्टीला आहे. पद्मिनी हे नाव गाडीला १९७४ मध्ये मिळाले, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांची पन्नाशी उलटली आहे आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणीसाठी त्यांचा विचार होऊ शकतो. त्या नियमांचा रोख मुख्यतः चासी, बॉडी आणि इंजिन यांच्या मूळ स्वरूपावर असला, तरी जाणकार खरेदीदार दार उघडल्यावर आधी डॅशबोर्डच पाहतो.

तेलाच्या दाबाच्या मीटरची निवड मात्र अधिक विचाराने करावी. यांत्रिक मीटरला वीज लागत नाही आणि त्याचा काटा दाबाबरोबर तत्काळ हलतो. पण त्यासाठी इंजिनातील गरम तेल बारीक नळीतून थेट तुमच्या गुडघ्यांपर्यंत आणावे लागते. नायलॉनची नळी फायरवॉलच्या (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्याच्या) भोकात घासून फुटली, तर गालिचा तर जातोच, शिवाय इंजिनातील तेलही बाहेर पडू लागते. नळी तांब्याची घेऊन भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारे कडे, बसवले, तर ही भीती बरीच कमी होते. विजेच्या मीटरला फक्त तार आत आणावी लागते. मात्र त्याचा सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे असावे लागतात, अन्यथा काटा खोटे बोलतो. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळण्याची आपल्याकडे फार सवय आहे, आणि एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळत असल्यामुळे नवा मीटर बंद म्हणून परत करण्याची वेळ येते. रोजच्या वापराच्या गाडीत मी विजेचाच मीटर लावेन. दोन्हींपैकी काहीही घेतले, तरी एका जागेतून दोन सेन्सरांना वाट देणारा टी-जोड लावून मूळचा लाल दिवा चालू ठेवावा, कारण काट्याकडे सतत पाहणारा चालक विरळाच.

बॅटरीच्या चार्जिंगसाठी अँपिअर मीटर दिसायला देखणा आणि त्या काळाला शोभणारा आहे, पण स्टार्टर वगळता गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह त्याच्यातून जातो. वीज बनवणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी अधिक प्रवाह देणारा अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत ३०-०-३० मापाचा (दोन्ही बाजूंना ३० अँपिअरपर्यंत दाखवणारा) जुना मीटर आणि त्याच्या बारीक तारा तापण्याचा धोका असतो. व्होल्टमीटरची तार बारीक असली तरी चालते. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले, की काळजी मिटली. डायनॅमोच्या गाडीत सिग्नलला थांबल्यावर काटा उतरतो, त्याने घाबरू नये. एकंदरीत व्होल्टमीटरच घ्यावा.

पाण्याच्या तापमानाचा केशनळीचा (इंजिनापासून मीटरपर्यंत जाणाऱ्या केसासारख्या बारीक, बंद नळीचा) मीटर घेतला, तर ती नळी कापता किंवा जोडता येत नाही, हे आधीच लक्षात ठेवून लांबी मोजून घ्यावी.

स्विचांच्या बाबतीत टॉगल, म्हणजे बाहेर आलेल्या दांडीचे स्विच, आकर्षक वाटतात, पण अपघातात त्यांचे टोक गुडघ्यात किंवा कपाळात घुसू शकते. जॅग्वार ई-टाइपवरील प्रसिद्ध टॉगलही अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे १९६८ च्या सुमारास गेले आणि त्यांच्या जागी चपटे रॉकर आले. खालच्या पट्टीवर रॉकरच बसवावेत. ६०/५५ वॅटचे हॅलोजन दिवे किंवा रेडिएटरचा विजेचा पंखा लावायचा असेल, तर त्याचा प्रवाह स्विचमधून नेऊ नये; दोन हाय बीम मिळूनच १० अँपिअर ओढतात. स्विचने रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चालवावा आणि दिव्यांना किंवा पंख्याला वीज रिलेमधून द्यावी. नव्या मीटरांची वीज इग्निशन स्विचनंतरच्या तारेवरून, ५ अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी, म्हणजे पट्टीत कुठे शॉर्ट झालाच तरी इंजिन चालू राहील.